दार उघडतच नाही, तरी झोप उडते

ऑक्टोबर आला की सगळीकडे 'बघायलाच हवेत असे हॉरर पिक्चर' छापाच्या याद्या फिरायला लागतात आणि त्यात साठेक वर्षांपूर्वीचा एखादा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर असतोच असतो. माझ्या चुलतभावाने असाच एक लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, "दादा, यात रक्ताचा थेंब नाही, भूत पण कुठे दिसलं नाही, आणि तरी मी रात्री बाथरूमला जाताना पॅसेजचा लाइट लावून गेलो, हा काय प्रकार आहे?" वय वर्षं सव्वीस, आणि हा तोच मुलगा जो आतडी बाहेर काढणारे पिक्चर वडापाव खात बघतो.

प्रश्न भारी आहे म्हणून जरा नीट उत्तर देतो. त्याने बघितलेला पिक्चर होता 'द हाँटिंग', १९६३ चा, दिग्दर्शक रॉबर्ट वाईज. (१९९९ ला याच नावाचा रंगीत पिक्चर आला तो वेगळा, त्याच्याकडे नंतर येतो, आणि नेटफ्लिक्सवरची २०१८ ची सिरीज आणखी वेगळी, पण मूळ तिघांचं एकच, शर्ली जॅक्सनची १९५९ ची कादंबरी.) पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी आधी बघून या, दोन तासांच्या आतच संपतो.

आधी हे बघू, दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी

कोकणात पत्र्याच्या घरात झोपलेल्या माणसाला हे लगेच कळेल. रात्री पत्र्यावर धाडकन नारळ पडला की आपण ताडकन उठतो, छातीत धडधडतं, मग 'हात्तिच्या, नारळ' म्हणून कूस बदलून परत झोपतो. हे झालं दचकणं. शरीराची ही सोय मेंदूला विचारत पण बसत नाही, डोळे मिटतात, खांदे वर जातात, एका सेकंदाच्या आत सगळं होऊन जातं. पिक्चरमध्ये अचानक चेहरा समोर आणून कर्कश आवाज करतात त्याला जंप स्केअर म्हणतात, तो म्हणजे हा नारळ. एकदा पडला, दोनदा पडला, चौथ्यांदा पडला की आपल्याला सवय होते आणि उलट हसायला येतं.

आता तोच पत्रा, तीच रात्र, पण नारळ नाही, पत्र्यावरून काहीतरी हळूहळू चालल्यासारखा आवाज येतोय. चार पावलं. मग थांबलं. मग काहीच नाही. आता झोपून दाखवा! माकड असेल, मांजर असेल असं आपण स्वतःला सांगतो पण कान मात्र पत्र्याला चिकटलेले. ही धास्ती. दचकणं संपायला कारण कळणं पुरतं, आणि धास्तीत नेमकं तेच कळू देत नाहीत.

दोन हजार सोळा साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी यावर एक प्रयोग केला होता, पंचेचाळीस जणांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायला सांगायचं, आणि साप निघाला की हाताला शॉक. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून बघितलं तर सगळ्यात जास्त ताण कधी, तर शॉक बसणारच असं माहीत असताना नाही, शॉक बसायची शक्यता अर्धी-अर्धी असताना. म्हणजे नक्की मार बसणार हे कळलेला माणूस त्या मानाने निवांत असतो. इंजेक्शनचं आठवा, सुई टोचते तो क्षण काहीच नसतो, नर्स स्पिरिटचा बोळा घासत दुसऱ्याच कोणाशी गप्पा मारत असते ना, ती वेळ जीव खाते.

ही विद्या आली कुठून

रॉबर्ट वाईज हा मुळात एडिटर माणूस, ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (१९४१) त्याने एडिट केलाय. दिग्दर्शक झाला तो आरकेओ स्टुडिओत व्हॅल लुटन नावाच्या निर्मात्याच्या हाताखाली. या लुटनला स्टुडिओकडून पैसे मिळायचे बेताचे, त्यामुळे राक्षसाचा मेकअप वगैरे लाड परवडायचे नाहीत, मग त्याने सावली, आवाज आणि शांतता यांच्यावर पिक्चर चालवायला सुरुवात केली. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागे दुसरीच्या सँडलचा टक-टक आवाज, मग तो आवाज अचानक बंद होतो, आता ती मागे आहे की नाही, बाईच्या पावलांचा वेग वाढतो, आणि फिस्स करून वाघासारखा आवाज येतो. बस थांबलेली असते! साधी सिटी बस, ब्रेकचा आवाज. हॉररवाले लोक आजही या युक्तीला लुटनची बस म्हणतात.

पण त्या बसनंतर प्रेक्षकाला सुटल्यासारखं होतं, वीस वर्षांनी वाईजने काय केलं तर बस आणायचीच नाही असं ठरवलं.

थोडक्यात गोष्ट

अमेरिकेत न्यू इंग्लंडमध्ये हिल हाऊस नावाचा नव्वद वर्षं जुना वाडा. बांधणाऱ्याची पहिली बायको तिथे पोचायच्या आधीच घोडागाडी झाडावर आपटून गेली, दुसरी जिन्यावरून पडली, मुलगी त्याच घरात लहानपणच्या खोलीतच म्हातारी झाली आणि शेवटी काठीने भिंतीवर ठोकून सोबतिणीला बोलवत राहिली, सोबतीण आली नाही, म्हातारी गेली. पुढे त्या सोबतिणीनेही त्याच घरात गळफास घेतला. आता डॉ. मार्कवे नावाचा एक अभ्यासक तिथे काही माणसं घेऊन राहायला जातो, भुतं असतात का ते तपासायला. त्यातली एक एलेनॉर, दुसरी थिओ, आणि ल्यूक नावाचा एक तरुण.

आणि खरी गोष्ट एलेनॉरची आहे. अकरा वर्षं तिने आजारी आईचं केलं, लग्न नाही, नोकरी नाही, स्वतःची म्हणावी अशी खोली नाही, आई गेल्यावर बहिणीच्या घरी कोचावर झोपते, आणि जिचे अर्धे पैसे तिने भरलेत ती गाडी सुद्धा तिला बहिणीला न सांगता, जवळजवळ चोरून न्यावी लागते. आपल्याकडे अशी एक मावशी किंवा आत्या प्रत्येक खानदानात असते, जिला सगळे 'ती काय, मोकळीच आहे' म्हणतात, तिला कोणी विचारत नाही की बाई तुला काय हवंय. ज्युली हॅरिसने हे काम असं केलंय की पहिल्या पंधरा मिनिटांत भीतीच्या आधी दयाच येते, आणि थोडा वैताग पण येतो तिचा.

आई गेली त्या रात्री भिंतीवर ठोकून हाक मारत होती. एलेनॉर उठली नाही. ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही पडून राहिली, हे तिचं तिलाच सांगता येत नाही.

हे डोक्यात ठेवा.

दाराबाहेरचा आवाज

पहिली रात्र. एलेनॉर अर्धवट झोपेत आहे आणि कुठेतरी धप, धप, धप असा ठोकल्याचा आवाज येतो. आणि ही बाई झोपेतच म्हणते, हो आई, आले. मला विचाराल तर अख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात भयानक जागा हीच. कारण आवाज भुताचा आहे की नाही ते राहू द्या, आपल्याला आता कळलंय की हा आवाज *तिच्यासाठी* काय आहे.

मग ती पळत शेजारच्या थिओच्या खोलीत जाते, दोघी एकमेकींना धरून पलंगावर बसतात, आणि तो आवाज पॅसेजमधून एकेका दारावर आपटत त्यांच्या दाराशी येतो. खोली गार पडते. दाराची मूठ हळूच फिरते. बाहेर कोणीतरी हसल्यासारखं होतं. आणि कॅमेरा काय दाखवतो, तर फक्त दार आणि दोन बायकांचे चेहरे. बस्स, एवढंच.

कॅमेऱ्याच्या चौकटीत न दिसणाऱ्या गोष्टीच्या आवाजाला ऑफ-स्क्रीन साउंड म्हणतात, आणि त्याची गंमत अशी की आवाज आला की मेंदू लगेच आवाज करणाऱ्याचं चित्र काढायला बसतो. ते चित्र तुमचं तुम्ही काढता, तुमच्याकडच्या सामानातून. पोरगा रात्री अकरापर्यंत घरी आला नाही आणि फोन लागत नाही, अशा वेळी आईच्या डोक्यात जे पिक्चर चालतात ते कुठल्या दिग्दर्शकाला सुचणार आहेत सांगा, हॉस्पिटल, पोलीस, पुलाखालचं पाणी, सगळं ती पाच मिनिटांत फिरून येते आणि पोरगा मित्राकडे फोन चार्ज करत बसलेला असतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच. वाईजने वैऱ्याचं काम स्वतः केलंच नाही, आपल्या मनाला देऊन टाकलं, फुकटात.

शूटिंगच्या वेळी हे आवाज आधीच रेकॉर्ड करून सेटवर वाजवले होते म्हणे नटांसाठी, म्हणजे 'आता घाबर' असं सांगून केलेला अभिनय नाही तो, समोर दार आहे आणि दारामागून खरंच काहीतरी वाजतंय.

नंतर एका रात्री चौघंही खाली दिवाणखान्यात असताना ते भलंमोठं लाकडी दार आत फुगायला लागतं, श्वास घेतल्यासारखं. यात काही मोठं तंत्र नाही हो, पातळ थरांचं वाकणारं दार बनवलं आणि मागून एक दणकट माणूस ओंडका लावून रेटत होता. पण दार हा प्रकार आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय, कडी लावली की आपण सुरक्षित, की ते कणकेसारखं फुगलं की पोटात कसंतरी होतं. आणि तरी ते फुटत नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं बघताना, निदान काय आहे ते तरी कळलं असतं.

चकवा लागलेलं घर

रानात चकवा लागतो म्हणतात ना, माणूस सरळ चालतोय आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, आणि वाट चुकल्यापेक्षा जास्त भीती याची वाटते की आपले डोळे आपल्याला फसवतायत. या घरात वाईजने तेच केलंय. गोष्टीत मार्कवे सांगतो की बांधणाऱ्याने एकही कोपरा काटकोनात ठेवलेला नाही, प्रत्येक ठिकाणी अगदी थोडीशी चूक, आणि दारं आपोआप लोटली जातात. माणसं पुन्हा पुन्हा रस्ता चुकतात.

आता हे प्रेक्षकाला जाणवणार कसं? वाईजला एकदम वाइड अँगल लेन्स हवी होती. पॅनाव्हिजन कंपनीकडे ३० मिलिमीटरची एक तयार होत होती पण ती कडेला चित्र वाकवायची, म्हणून ते द्यायला तयार नव्हते. हा म्हणाला वाकडीच पाहिजे, आणि लेन्समध्ये दोष आहे हे मला मान्य आहे असं लिहून देऊन घेतली! त्यामुळे पिक्चरमध्ये भिंती आणि पॅसेज किंचित वाकतात, बघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही पण गाडी लागण्याआधी जसं होतं तसं काहीतरी होत राहतं. शिवाय सेटला छत घातलं, एरवी लायटिंगसाठी स्टुडिओतल्या खोल्यांना छत नसतं. बाहेरून दाखवलेला वाडा इंग्लंडमधला एटिंग्टन पार्क, आणि त्याचे काही शॉट इन्फ्रारेड फिल्मवर घेतले, म्हणून त्या दगडांचा पोत सुरकुतलेल्या कातडीसारखा दिसतो.

अजून एक. खोल्या अंधाऱ्या नाहीत. नक्षीकाम, आरसे, पुतळे, झुंबरं, भरपूर उजेड. अंधारात भीती वाटते हे ठीक आहे, दिवा लावला की जाते. इथे दिवा आधीच लावलेला आहे, आता काय करणार?

तो हात कोणाचा होता

ज्या सीनमुळे माझा भाऊ लाइट लावून गेला तो हा. एलेनॉर अंधारात पडली आहे, भिंतीपलीकडून पुटपुटल्याचा आवाज, मग लहान मूल रडतंय असं काहीतरी. ती थिओला म्हणते माझा हात धर. हात धरलेला आहे. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर जातो आणि तिथेच थांबतो, आणि बघता बघता त्या पानाफुलांत एक चेहरा दिसायला लागतो. कोणी काढलेला नाही, हललेला नाही. ढगात गणपती दिसतो तसा.

याला पॅरेडोलिया म्हणतात, दोन ठिपके आणि एक रेघ दिसली की मेंदू त्याचा चेहरा करतो. ही सवय कामाची आहे, झुडपात वाघ नसताना दिसला तर फार काही बिघडत नाही, असताना दिसला नाही तर संपलं. वाईज काय करतो तर तो शॉट खूप वेळ धरून ठेवतो, कंटाळा यायच्या जवळपास, कारण चेहरा बनवायला तुमच्या मेंदूला तेवढा वेळ लागणार असतो. आणि एकदा दिसला की मग काही केल्या परत नक्षी दिसत नाही.

इकडे हात आवळला जातोय. दुखतंय. शेवटी एलेनॉर ओरडते, दिवा लागतो, आणि थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते.

"पण हे सगळं तिच्या डोक्यातच चाललंय ना?"

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की तसं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही, आणि हीच या पिक्चरची खरी कारागिरी आहे. दार फुगलेलं चौघांनी बघितलं. पहिल्या रात्रीचा आवाज थिओनेही ऐकला. पण त्याच वेळी दोघं पुरुष बाहेर कुत्र्यासारख्या कशाच्या तरी मागे धावत होते आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. हाताची गोष्ट फक्त एलेनॉरची. भिंतीवर खडूने तिच्या नावाचा मजकूर उमटतो, घरी यायला मदत करा असा, तो तिने स्वतः लिहिला का? आणि मार्कवेने तिला बोलावलं कशाला, तर ती लहान असताना त्यांच्या घरावर दगड पडले होते म्हणून. म्हणजे घर तिला झपाटतंय की तीच घराला, दोन्ही बाजूंचा पुरावा बरोबर मापून ठेवलाय.

यात आणखी एक मेख आहे. आपल्याला तिच्या मनातलं बोलणं सतत ऐकू येतं. म्हणजे आपण तिच्या डोक्यात कोंडलेलो, आणि त्या डोक्यावरच भरवसा नाही. आणि हे भीतिदायक का, तर तिला तिथून जायचंच नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचं नाव घेऊन 'ये' म्हणतंय, मग बोलवणारं घर असलं म्हणून काय झालं.

"त्या काळी टेक्निकच नव्हतं म्हणून दाखवलं नाही"

अजिबात नाही. याच्या दोनच वर्षं आधी याच माणसाने 'वेस्ट साइड स्टोरी' हा भव्य रंगीत पिक्चर करून ऑस्कर घेतलं होतं आणि दोन वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक'साठी परत घेतलं. पैसे कमी होते हे खरं, साधारण दहा लाख डॉलरमध्ये बसवायचं म्हणून तर शूटिंग इंग्लंडमध्ये नेलं. पण भूत दाखवायची हौस असती तर चादर घालून पण दाखवता आलं असतं.

आणि सगळं दाखवलं तर काय होतं याचा पुरावा आहे. १९९९ मध्ये यान द बाँट या दिग्दर्शकाने तीच गोष्ट भरपूर पैसा आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स घेऊन केली, पुतळे हलतात, पलंग माणसाला पकडतो, वाडा बांधणारा म्हातारा प्रचंड आकाराचं भूत होऊन समोर येतो. समीक्षकांनी धुतला, वर्षातल्या वाईट पिक्चरना देतात त्या रॅझीची नामांकनं मिळाली. बघताना एकदाही भीती वाटत नाही, कारण म्हातारा दिसला की प्रश्न बदलतो. आता 'ते काय आहे' नाही, 'याला मारायचं कसं' एवढंच उरतं, आणि ती मारामारी झाली.

"मला तर बोअर झालं राव"

होऊ शकतं, आणि यात तुमचं काही चुकलं नाही. अशा पिक्चरमध्ये अर्धं काम प्रेक्षकाने करायचं असतं, आणि हातात फोन असेल, मधेच रील बघितलं, बाजूला पंखा आणि भांड्यांचा आवाज असेल, तर तुमच्या वाट्याचं काम झालंच नाही. जेवताना लावू नका. हेडफोन घाला. काही संवाद आज खरंच जुनाट वाटतात आणि ल्यूक नावाच्या पात्राचे विनोद मला दर वेळी खटकतात, ते सोडून द्या.

आणि रक्ताचे पिक्चर हलके असंही माझं म्हणणं नाही. ते किळसेवर चालतात, किळस हीसुद्धा खरी भावना आहे, पण ती पडद्यावरच्या वस्तूची असते, पडदा बंद केला की वस्तू गेली. भावाच्या पॅसेजमध्ये मात्र कोणी आलंच नव्हतं जायला, तिथे फक्त एक बंद दार होतं, जे रोजच असतं.

शेवटाबद्दल एक सांगतो, ते मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पिक्चर सुरू होतो तेव्हा मार्कवेचा आवाज म्हणतो की त्या घरात जे काही वावरायचं ते एकटंच वावरायचं. शेवटी एलेनॉरला घरातून पाठवून देतात, गाडीचं स्टिअरिंग तिच्या हातात राहत नाही, आणि गाडी त्याच झाडावर आपटते जिथे पहिली बायको गेली होती. मग तेच सुरुवातीचं वाक्य परत येतं, पण आता आवाज एलेनॉरचा, आणि 'जे काही' च्या जागी इंग्रजीतला 'वी'. एकटे वावरतो, पण अनेकवचनात! इंग्रजीत त्या 'वी'मध्ये कोण कोण आलं ते उघडं राहतं. मराठी सबटायटल करायला बसलात तर मात्र ठरवावं लागेल, 'आम्ही' लिहायचं की 'आपण'. मी भावाला विचारलं तू काय लिहिशील. तो म्हणाला, आम्ही लिही बाबा, आम्हीच लिही.